पाठ १२ : कणी, रस आणि साय

१२.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, आपण रोज कितीतरी कृती करत असतो. चहा करतो, भात लावतो, सायकलची साखळी बसवतो. या कृती हाताच्या इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या दुसऱ्याला समजावून सांगण्याची वेळ आली म्हणजे शब्द सापडत नाहीत. ‘थोडेसे मीठ घालायचे’, ‘जरा शिजू द्यायचे’ असे आपण म्हणतो. परंतु थोडेसे म्हणजे किती आणि जरा म्हणजे कुठवर, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. म्हणूनच कृतीचे लेखन ही भाषेची एक कसोटी मानली जाते.

प्रस्तुत पाठात टोमॅटो व साय घालून केलेला पास्ता घरी झटपट कसा करावा, याची माहिती दिली आहे. हा पदार्थ इटलीच्या खाद्यपरंपरेतून आलेला आहे. तो कसा करावा याबरोबरच ‘असेच का करावे’ याचाही विचार येथे केलेला आहे. तुमच्यापैकी काही जण नोकरी सांभाळून शिकत असतील, तर काही घरापासून दूर राहत असतील. त्यांना हा पाठ परीक्षेबाहेरही उपयोगी पडेल.

१२.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• पास्ता आणि टोमॅटो यांच्या प्रवासाची माहिती सांगू शकाल;
• पदार्थाच्या कृतीमागील कारणे स्पष्ट करू शकाल;
• विध्यर्थी क्रियापदांचा योग्य वापर करू शकाल;
• एखादी परिचित कृती क्रमवार व नेमक्या शब्दांत लिहू शकाल.

१२.३ मूळ पाठ

(अ) स्वतःचे अन्न

‘स्वयंपाक’ या शब्दातच त्याचा अर्थ दडलेला आहे. ‘स्वयम्’ म्हणजे स्वतः आणि ‘पाक’ म्हणजे शिजवणे. स्वतः शिजवणे तो स्वयंपाक. व्यवहारात मात्र हे काम घरातील एकाच व्यक्तीकडे, बहुधा आईकडे किंवा पत्नीकडे सोपवलेले असते आणि बाकीची मंडळी वाढलेल्या ताटावर येऊन बसतात. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी राहावे लागले की या सवयीची किंमत कळते. खोली मिळते, अंथरूण मिळते. पण संध्याकाळी काय खायचे, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. रोजचे बाहेरचे अन्न खिशाला परवडत नाही आणि पोटालाही मानवत नाही. अशा वेळी एक शेगडी, एक पातेले, एक कढई आणि अर्धा तास एवढ्या भांडवलावर जो पदार्थ होतो, तो शिकून घेणे म्हणजे एक लहानसे स्वातंत्र्य मिळवणे होय. ते स्त्रीला जितके हवे, तितकेच पुरुषालाही हवे.

टोमॅटो आणि साय घातलेला पास्ता हा अशा पदार्थांपैकी एक आहे. तो लवकर होतो. परंतु लवकर होणारा पदार्थ लवकर बिघडतोही. पास्त्याचा लगदा होतो. टोमॅटोचा कच्चट वास राहतो. सर्वांत मोठे संकट म्हणजे साय फाटते आणि रसात पांढरे कण तरंगू लागतात. हे तिन्ही दोष टाळता येतात. त्यासाठी कृती तोंडपाठ करण्यापेक्षा घटकांचे स्वभाव ओळखणे अधिक उपयोगाचे ठरते.

‘पास्ता’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘मळलेले पीठ’. आपल्या भाषेत सांगायचे तर कणकेचा उंडा. ही विद्या मार्को पोलो या प्रवाशाने चीनमधून इटलीत आणली, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी नाही. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ मध्ये. त्यापूर्वी सुमारे एकशेचाळीस वर्षे, ११५४ मध्ये, अल् इद्रिसी या भूगोलतज्ज्ञाने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी सिद्ध केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया या ठिकाणाचे वर्णन केले आहे. तेथे ‘इत्रिया’ नावाचा शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होई आणि गलबतांतून परमुलखात पाठवला जाई. वाळवलेला पास्ता महिनोन्महिने टिकतो, हेच त्याच्या प्रवासाचे रहस्य होते.

टोमॅटोची गोष्ट निराळी आहे. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले. मेक्सिकोत त्याची लागवड रुजली आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो दे मेदिची याच्याकडे १५४८ मध्ये टोमॅटोची टोपली आल्याची नोंद आहे. इटालियन लोकांनी या फळाला ‘पोमोदोरो’ म्हणजे ‘सोन्याचे सफरचंद’ असे नाव दिले. खाण्याच्या बाबतीत मात्र ते दीर्घकाळ साशंकच राहिले. नेपल्समध्ये राहणाऱ्या आंतोनियो लातिनी याने १६९० च्या दशकात आपल्या पाकग्रंथात टोमॅटोच्या रसाची कृती दिली, तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. पास्ता आणि टोमॅटो यांची जोडी खऱ्या अर्थाने जमली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी नेपल्सच्या रस्त्यांवर लोक मॅकरोनीवर नुसते किसलेले चीज घालून ती हातानेच खात असत.

तात्पर्य असे की, ज्या पदार्थाला आज आपण अस्सल इटालियन म्हणतो, त्यातील टोमॅटो हा इटलीत बाहेरून आलेला पाहुणा आहे. भारतातही मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे युरोपीय लोकांबरोबर असेच आले आणि घरचे झाले. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव, नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत, कर्नाटकातील कोलार आणि आंध्र प्रदेशातील मदनपल्ली येथील बाजार हंगामात टोमॅटोने भरून जातात. परक्या गोष्टीचा स्वभाव जाणून घेतला म्हणजे ती आपली होऊ शकते, याची ही उदाहरणे आहेत.

पाठगत प्रश्न १२.१

१. रिकाम्या जागा भरा.
(क) ‘पास्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ .......... असा आहे.
(ख) इटालियन लोकांनी टोमॅटोला .......... हे नाव दिले.

२. मार्को पोलोची कथा खरी का नाही, ते एका वाक्यात सांगा.

(आ) साहित्य

पुढील प्रमाण दोन माणसांसाठी आहे.

• पास्ता (नळीच्या आकाराचा ‘पेने’ किंवा पीळदार ‘फुसिली’) – १६० ग्रॅम
• पाणी – दीड लिटर. त्यात घालण्यासाठी मीठ – चहाचे २ चमचे
• लाल, पिकलेले टोमॅटो – मध्यम आकाराचे ४ (सुमारे ४०० ग्रॅम)
• कांदा – लहान १. लसूण – ४ पाकळ्या
• तेल – २ मोठे चमचे
• ताजी साय किंवा बाजारात मिळणारी क्रीम – अर्धी वाटी
• कुटलेली सुकी मिरची – चहाचा अर्धा चमचा; मिरपूड, साखर – चिमूटभर
• किसलेले चीज – २ मोठे चमचे (असल्यास)

पास्ता विकत घेताना पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. ज्या घटकाचे प्रमाण सर्वाधिक, तो यादीत प्रथम लिहिलेला असतो. तेथे ‘डुरम गव्हाचा रवा’ असे लिहिलेले असेल तर पास्ता चांगला शिजतो. केवळ मैदा असेल तर तो लवकर गळतो. इटलीत वाळवलेला पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असा नियम १९६७ च्या कायद्याने घालून दिलेला आहे. डुरम म्हणजे कठीण दाण्याचा गहू. तो आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्र व कर्नाटकातील बन्सी गहू आणि बुंदेलखंडातील कठिया गहू हे याच जातीचे. बन्सी गव्हाच्या रव्याच्या शेवया खिरीत घातल्या तरी मोडत नाहीत, हे घरोघरीच्या गृहिणींना पूर्वीपासून माहीत आहे. पास्ता न गळण्याचे कारणही तेच आहे.

(इ) कणी

प्रथम मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी उकळत ठेवावे. पाणी खळखळू लागले म्हणजे त्यात मीठ घालावे आणि मग पास्ता सोडावा. पाण्यातील मीठ पास्ता शिजता शिजता त्याच्या आत शिरते. शिजून झाल्यावर वरून घातलेले मीठ केवळ रसाला लागते, पास्ता आतून अळणीच राहतो.

पहिली दोन मिनिटे पास्ता सतत ढवळावा. याचे कारण असे : गव्हात मुख्यतः पिष्ट आणि प्रथिने असतात. गरम पाणी लागताच वरच्या थरातील पिष्ट फुगते आणि चिकट होते. या वेळी तुकडे एकमेकांना टेकलेले राहिले तर ते जुळून जातात. पुढे हे सुटे पिष्ट पाण्यात उतरते आणि चिकटण्याचा धोका कमी होतो. काही जण चिकटू नये म्हणून पाण्यात तेल घालतात. ते तेल पाण्यावर तरंगत राहते. पाणी गाळताना मात्र ते पास्त्याला लागते आणि मग त्यावर रस धरत नाही. म्हणून पाण्यात तेल घालू नये.

पास्ता किती शिजवावा? इटलीत याला ‘अल देन्ते’ असा शब्द आहे. दातांखाली किंचित लागावा इतका, असा त्याचा अर्थ. मराठीत भाताविषयी बोलताना आपण ‘कणी राहिली’ असे म्हणतो. भातात राहिलेली कणी हा दोष समजला जातो. पास्त्यात मात्र ती हवी असते. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक तुकडा चावून पाहावा. मधोमध बारीकशी पांढरी कणी दिसली की पातेले उतरवावे, कारण उरलेले शिजणे कढईत रसाबरोबर व्हायचे असते. येथे घड्याळ वाट दाखवते, निर्णय मात्र दाताने घ्यावयाचा असतो.

यानंतरची सूचना विशेष लक्षात ठेवावी. पास्ता चाळणीत ओतण्यापूर्वी त्यातील एक वाटी पाणी काढून ठेवावे. कोकणात वेळून भात करतात. भात वेळताना निघणारे पाणी फेकून न देता पिण्याची पद्धत आहे, कारण त्यात भाताचे सत्त्व उतरलेले असते. पास्त्याच्या पाण्यातही तसेच पिष्ट उतरलेले असते. हे गढूळ पाणी पुढे फार मोलाचे ठरणार आहे. गाळलेला पास्ता थंड पाण्याखाली धुऊ नये. धुतल्याने वरचे पिष्ट निघून जाते आणि रसाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही.

(ई) रस

पाणी उकळेपर्यंतचा वेळ रसाच्या तयारीत घालवावा. टोमॅटोचे आडवे दोन भाग करून ते किसणीवर किसावेत. गर खाली पडतो आणि साल हातात राहते. टोमॅटो उकडून सोलण्याचा खटाटोप यामुळे वाचतो. कांदा बारीक चिरावा, लसूण ठेचून घ्यावी.

कढईत तेल मध्यम आचेवर तापवून त्यात कांदा मऊ होईपर्यंत परतावा. मग लसूण घालावी. लसूण तांबूस होऊ देऊ नये. ती करपली तर कडवट होते आणि तो कडूपणा साऱ्या रसात उतरतो. सुक्या मिरचीचा कूट घालून लगेच टोमॅटोचा गर ओतावा. चवीपुरते मीठ घालताना पास्त्याच्या पाण्यात व चीजमध्येही मीठ आहे, याची आठवण ठेवावी.

आता या पाठातील सर्वांत धीराची दहा मिनिटे येतात. गर प्रथम पातळ व फिकट दिसतो. हळूहळू त्यातील पाणी आटते, रंग गडद होतो, कच्चा वास जातो आणि कडेने तेल सुटू लागते. ‘तेल सुटेपर्यंत परतावे’ हे वाक्य आपण भाजीच्या कृतीत अनेकदा ऐकलेले असते. गरातील बरेचसे पाणी निघून गेल्याची ती खूण आहे. टोमॅटोला लाल रंग देणारे ‘लायकोपीन’ हे द्रव्य तेलात विरघळणारे आहे. तेलात शिजवलेल्या टोमॅटोतून ते शरीराला कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक सहज मिळते.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. शिजवल्याने टोमॅटोचा आंबटपणा नाहीसा होत नाही. पाणी आटल्यामुळे तो एकवटतो. चिमूटभर साखर घातली तर जिभेला तो कमी जाणवतो, इतकेच. आम्ल जागच्या जागी असते. पुढच्या टप्प्यात संकट येते ते यामुळेच.

(उ) साय

दुधात लिंबू पिळले की ते फाटते. आपण पनीर करतो ते याच रीतीने. दुधात ‘केसीन’ नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण एकमेकांपासून अलग राहून तरंगत असतात. आम्ल मिळताच हे अलगपण संपते आणि कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. उष्णता या क्रियेला वेग देते. टोमॅटोच्या उकळत्या रसात थंड दूध ओतले तर आम्ल आणि उष्णता ही दोन्ही कारणे एकत्र येतात. मग रस फाटला नाही तरच नवल!

सायीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यात स्निग्धांश पुष्कळ आणि त्या मानाने प्रथिने कमी असतात. म्हणून ती दुधापेक्षा अधिक तग धरते. साय जितकी दाट, तितका धोका कमी. तरीही तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट, साय नितळ होईपर्यंत फेटावी. घरच्या सायीत गाठी असतात. त्या तशाच राहिल्या तर साय न फाटताही फाटल्यासारखी दिसते. साय ताजीच घ्यावी. आंबूस वास येणाऱ्या सायीत आम्ल आधीच तयार झालेले असते. दुसरी गोष्ट, फेटलेल्या सायीत पास्त्याचे दोन-तीन चमचे गरम पाणी थोडे थोडे मिसळावे. यामुळे साय कोमट होते आणि पाण्यातील पिष्ट तिच्यात मिसळते. पिष्टामुळे मिश्रण दाट होते आणि प्रथिनांच्या कणांना एकमेकांजवळ येण्यास अडथळा होतो. तिसरी गोष्ट, साय घालण्यापूर्वी आच अगदी मंद करावी आणि साय घातल्यावर रस उकळू देऊ नये.

साय मिसळताच रसाचा लाल रंग केशरी होतो. त्यात गाळलेला पास्ता आणि काढून ठेवलेल्या पाण्यापैकी अर्धी वाटी पाणी घालावे. एक-दोन मिनिटे अलगद हलवत राहावे. प्रथम सारे पातळ वाटते, पण घाबरू नये. पिष्ट, स्निग्धांश आणि पाणी यांचा मेळ बसला की रस दाट होऊन प्रत्येक तुकड्याला लपेटून बसतो. वरणफळे करताना कणकेच्या तुकड्यांनी वरणाला जो दाटपणा येतो, त्याचे कारणही पिष्टच आहे. शेवटी आच बंद करून चीज व मिरपूड घालावी. इटलीत यावर ‘बाझिल’ची पाने घालतात. ज्या झाडाचे बी आपण उन्हाळ्यात ‘सब्जा’ म्हणून सरबतात घालतो, त्याच जातीचे हे झाड आहे. पाने नसली तर थोडी कोथिंबीर घालण्यास हरकत नाही. पदार्थ गरम असतानाच खावा. निवल्यावर पिष्ट घट्ट होऊन तो आळतो.

वेळेचा हिशेब असा : पाणी तापेपर्यंत दहा मिनिटे चिरण्या-किसण्यात जातात, पास्ता शिजण्याची दहा मिनिटे आणि रस आटण्याची दहा मिनिटे एकाच वेळी चालतात, एकत्र करण्यास चार-पाच मिनिटे पुरतात. म्हणजे पंचवीस मिनिटांत जेवण तयार होते. झटपट होण्याचे रहस्य घाईत नसून कामांच्या क्रमात आहे.

साय आणि चीज यांमुळे हा पदार्थ जड असतो. तो रोज खाण्याजोगा नाही. वाटाणे, फरसबी किंवा उकडलेले हरभरे घातले तर तो अधिक पौष्टिक होतो. कोणता घटक कशासाठी आहे हे ज्याला कळले, त्याला असे बदल करण्याचे भय वाटत नाही. साय मिळाली नाही तर तो साय वगळून पास्त्याच्या पाण्यावर आणि थोड्या तेलावर रस जुळवून आणील. लिहिलेली कृती हरवली तरी त्याचे जेवण अडणार नाही.

पाठगत प्रश्न १२.२

१. चूक की बरोबर, ते सांगा.
(क) पास्ता उकळताना पाण्यात तेल घालावे.
(ख) टोमॅटो शिजवल्यावर त्यातील आंबटपणा नाहीसा होतो.
(ग) दुधापेक्षा दाट साय आम्लात अधिक तग धरते.

२. पास्त्याचे पाणी काढून का ठेवावे? दोन कारणे लिहा.

१२.४ शब्दार्थ

कसोटी – परीक्षा; साशंक – शंका असलेला; पाकग्रंथ – पदार्थांच्या कृतींचे पुस्तक; अळणी – मीठ नसलेले; पिष्ट – धान्यातील पांढरा, पाण्यात फुगणारा भाग; वेळणे – शिजलेल्या अन्नातील जास्तीचे पाणी काढून टाकणे; सत्त्व – सारभूत अंश; एकवटणे – एके ठिकाणी जमणे; स्निग्धांश – तेल-तुपासारखा भाग; तग धरणे – टिकून राहणे; आळणे – घट्ट होणे.

१२.५ भाषाभ्यास

१. विध्यर्थ : पुढील वाक्ये पाहा.
• टोमॅटो किसावेत.
• साय फेटावी.
• कांदा चिरावा.
• पाणी काढून ठेवावे.

या वाक्यांतील क्रियापदांवरून ‘असे करणे योग्य आहे’ असा अर्थ सूचित होतो. अशा क्रियापदांना विध्यर्थी क्रियापदे म्हणतात. येथे क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते, हेही ध्यानात घ्या. ‘साय’ स्त्रीलिंगी म्हणून ‘फेटावी’, ‘कांदा’ पुल्लिंगी म्हणून ‘चिरावा’ आणि ‘पाणी’ नपुंसकलिंगी म्हणून ‘ठेवावे’. ‘कांदा चिरा’ असे म्हटले तर आज्ञार्थ होतो. समोर असलेल्या व्यक्तीला सांगताना आज्ञार्थ चालतो. लेखी कृतीत मात्र विध्यर्थ अधिक सौम्य व प्रतिष्ठित वाटतो.

२. क्रम दाखवणारी रूपे : ‘तापवून’, ‘ठेचून’ यांसारखी रूपे एक क्रिया आधी झाल्याचे सांगतात. ‘गाळताना’ हे रूप दोन क्रिया एकाच वेळी चालल्याचे सांगते. ‘तेल सुटेपर्यंत’ यातून क्रियेची मर्यादा कळते. कृतिलेखनात या रूपांची अदलाबदल झाली तर पदार्थच बिघडेल.

३. नेमके क्रियापद : मराठीत आचेवरील कृतींसाठी अनेक क्रियापदे आहेत. परतणे, भाजणे, तळणे, उकडणे, वाफवणे, आटवणे यांपैकी प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ‘कांदा शिजवावा’ आणि ‘कांदा परतावा’ ही वाक्ये वाचून दोन स्वयंपाकी दोन निराळ्या गोष्टी करतील.

४. शब्दांचा प्रवास : मेक्सिकोतील नावाट्ल भाषेतल्या ‘तोमाट्ल’ या शब्दापासून स्पॅनिश ‘तोमाते’ आणि त्यावरून इंग्रजीमार्गे मराठी ‘टोमॅटो’ हा शब्द आला. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. पदार्थांबरोबर शब्दही प्रवास करतात.

१२.६ आपण काय शिकलो

• पास्ता इटलीत बाराव्या शतकापासून तरी ज्ञात होता. टोमॅटो तेथे सोळाव्या शतकात बाहेरून आला.
• पास्ता कणी राहील इतकाच शिजवावा. रस तेल सुटेपर्यंत आटवावा. साय कोमट करून मंद आचेवर घालावी.
• पास्त्याच्या पाण्यातील पिष्टामुळे रस दाट होतो व साय फाटण्याचा धोका कमी होतो.
• कृतीमागील कारण समजले की तीत विचारपूर्वक बदल करता येतो.
• कृतिलेखनात प्रमाण, क्रम, खूण आणि नेमके क्रियापद यांना महत्त्व असते.

१२.७ पाठान्त प्रश्न

१. ‘स्वयंपाक येणे हे लहानसे स्वातंत्र्य आहे’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
२. टोमॅटो ‘पाहुणा’ असूनही इटलीचा कसा झाला, ते आठ-दहा ओळींत लिहा.
३. साय फाटू नये म्हणून सांगितलेल्या तीन गोष्टी कारणांसह लिहा.
४. ‘घड्याळ वाट दाखवते, निर्णय मात्र दाताने घ्यावयाचा असतो’ या वाक्याचा आशय सांगा.
५. पुढील आज्ञार्थी वाक्यांचे विध्यर्थात रूपांतर करा.
(क) भाजी निवडा. (ख) तांदूळ धुवा. (ग) पोळ्या लाटा.
६. तुमच्या घरी होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती सुमारे १५० शब्दांत लिहा. प्रत्येक टप्प्यावर ‘का’ या प्रश्नाचे उत्तर द्या. ‘थोडेसे’, ‘जरा’, ‘अंदाजाने’ हे शब्द टाळा.

उपक्रम : घरातील एखाद्या अनुभवी व्यक्तीस आमटी, कढी किंवा खीर यांपैकी एका पदार्थाची कृती विचारा. त्यांनी सांगितलेल्या खुणा (वास, रंग, आवाज, दाटपणा) त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.

१२.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१२.१ – १. (क) मळलेले पीठ (ख) पोमोदोरो २. मार्को पोलो १२९५ मध्ये परतण्यापूर्वीच, ११५४ च्या ग्रंथात सिसिलीतील शेवयांसारख्या पदार्थाचे वर्णन आढळते.

१२.२ – १. (क) चूक (ख) चूक (ग) बरोबर २. त्यातील पिष्टामुळे रस दाट होऊन पास्त्याला धरून राहतो. तसेच ते सायीत मिसळल्याने साय कोमट होते व फाटण्याचा धोका कमी होतो.